दिवाळी ते पाडवा: आभाळाखालच्या गाण्याची आखणी

मे महिन्यात मुंबईत उघड्यावर शास्त्रीय गाणं ठेवायच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. संध्याकाळी सातलाही अंगावर घामाच्या धारा असतात, हवेतल्या ओलीने तबल्याची पुडी सैल पडते आणि तंबोरे पुन्हा पुन्हा लावत बसावं लागतं. इंग्लंडात जूनअखेरीला लोक तंबू पाठीवर टाकून शेतात जातात. ग्लास्टनबरीसारखे मोठे संगीत महोत्सव तिथे भर उन्हाळ्यात होतात, कारण बाहेर बसता येईल असे दिवस त्यांना तेवढेच मिळतात. आपला हंगाम बरोबर उलटा आहे. तो दिवाळीच्या पहाटे सुरू होतो आणि गुढीपाडव्याला संपतो. उन्हाळ्यात करायचं ते काम आखणीचं. सुट्टीत घरात सगळे असतात, हिशेब मांडायला वेळ असतो, आणि गावाला गेलेल्यांना तिथेही काही ऐकायला मिळतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

हा लेख ठाकूरद्वार, मुगभाट, झावबाची वाडी, त्यापलीकडे परळ, लालबाग, दादर इथल्या ऐकणाऱ्यांसाठी आहे. या भागाला गाण्याची सवय जुनी. विष्णु दिगंबर पलुस्करांचं गांधर्व महाविद्यालय लाहोरहून १९०८ साली मुंबईत आलं. ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये संगीताची शाळा काढली आणि पुढे कुमार गंधर्व लहान वयात तिथे शिकायला आले. लक्ष्मीबागेच्या लहानशा सभागृहात बड्या बड्या गवयांच्या बैठका झाल्या. गणपतीत तर वाड्यावाड्यांत मांडव पडायचे, सतरंज्या अंथरल्या जायच्या आणि ज्यांना खाली जागा मिळत नसे ते गॅलरीत कठड्याला टेकून पहाटेपर्यंत ऐकायचे. आज सत्तरीच्या आसपास असलेल्या गिरगावकराचा कान त्या मांडवांत तयार झाला आहे.

त्या रात्री आता नाहीत, आणि आखणीची सुरुवात इथूनच करावी लागते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांपुरती रात्री बारापर्यंतची सवलत सरकार देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बंधनावर शिक्कामोर्तब केलं. चाळींत म्हातारे, आजारी, परीक्षेची मुलं राहतात, तेव्हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे गाण्याचं घड्याळ बदललं. रात्रभराची मैफल संपली, महोत्सव दुपारी सुरू होऊन दहाला आवरू लागले. ज्यांनी जुन्या सवयीने संध्याकाळी आठला जायचं ठरवलं, त्यांच्या वाट्याला जेमतेम एक गाणं येतं.

माझं सांगणं एवढंच आहे: हंगामाची आखणी कलाकारांच्या नावांवरून करू नका, प्रहरांवरून करा. आपलं संगीत वेळेला बांधलेलं आहे. ललत आणि भैरव पहाटेचे, तोडी सकाळची, शुद्ध सारंग आणि भीमपलासी दुपारचे, मारवा आणि श्री दिवेलागणीचे, यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दरबारी आणि मालकंस उत्तररात्रीकडे झुकणारे. एका जागी बसून हा सगळा दिवस ऐकायची सोय आता नाही. पण दिवाळी ते पाडवा या चार-पाच महिन्यांत, वेगवेगळ्या गावी आणि वेगवेगळ्या वेळी जाऊन, आठही प्रहर पुरे करता येतात.

पहाट: घराजवळची

पहाटेसाठी प्रवास लागत नाही. दिवाळी पहाट मुंबई-पुण्यात रुजवण्यात चतुरंग प्रतिष्ठानचा वाटा मोठा. आता दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे, डोंबिवली कुठेही दिवाळीच्या दिवसांत पहाटे गाणं असतं. त्यातले बरेच कार्यक्रम भावगीतांचे आणि नाट्यगीतांचे असतात, आणि तेही आनंदाचे असतात. पण ललत ऐकायचा असेल तर जाहिरात नीट वाचा. ‘भक्तिगीत, भावगीत, चित्रपटगीत’ असं लिहिलं असेल तर तिथे ख्याल मिळणार नाही. एकट्या गायकाचं किंवा वादकाचं नाव आणि साथीला तबला-पेटी एवढंच लिहिलं असेल तर जा, आणि सहाच्या आत जा. उजाडल्यावर सूर बदलतात.

दिवाळीत घरचा फराळ, अभ्यंगस्नान, पाहुणे यांतून निघणं जमत नसेल तर दुसरी वाट आहे. पंचम निषाद या संस्थेचा ‘प्रातःस्वर’ हा उपक्रम प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराच्या कलांगणात, उघड्यावर, रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास व्हायचा आणि त्याने मुंबईकरांना पुन्हा सकाळचे राग दिले. अशा सकाळच्या बैठकांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत छोट्या येतात. त्यावर लक्ष ठेवा. परळ-लालबागच्या माणसाला प्रभादेवीला चालतसुद्धा जाता येतं.

दुपार: पुण्याची

आता मुख्य मुक्काम. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरच्या मध्याला पुण्यात होतो, बुधवार ते रविवार असे पाच दिवस. पं. भीमसेन जोशींनी तो १९५३ साली गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्यांचं नाव महोत्सवाच्या नावात आलं. कित्येक वर्षं रमणबागेच्या मैदानावर तो व्हायचा. २०१८ पासून मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. वर मांडव असतो, पण बाजू उघड्या असतात, आणि डिसेंबरातला पुण्याचा वारा आत येतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने पाचही दिवसांचा हट्ट धरू नये. दिवसाला चार-पाच कलाकार, प्रत्येकाचं गाणं तासाभराहून अधिक. तिसऱ्या दिवशी कान थकतो आणि चौथ्या दिवशी आपण गाणं ऐकण्यापेक्षा स्टॉलवरची भजी अधिक मन लावून खातो. शनिवार-रविवार हे दोन दिवस पुरेसे आहेत आणि तेच उत्तम आहेत. एरवी कार्यक्रम दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतो. रविवारी मात्र दुपारी बाराच्या आसपासच सुरू होतो, म्हणून शुद्ध सारंग, गौड सारंग, भीमपलासी, मुलतानी हे मैफलीत एरवी क्वचित कानी पडणारे राग त्या दिवशी ऐकायला मिळतात. मुंबईत दुपारी दोनला गाणं कोण ठेवतं? शनिवारी बहुतेक वर्षी रात्री बारापर्यंतची परवानगी असते. म्हणजे दुपार आणि मध्यरात्र हे दोन्ही प्रहर या दोन दिवसांत पदरात पडतात.

दुपारी मांडव अर्धा रिकामा असतो. तेव्हा गाणारे बहुधा तरुण असतात, नाव नुकतंच होऊ लागलेलं असतं, आणि ते जीव ओतून गातात. हा वेळ चुकवू नका. मोठ्या नावांच्या ध्वनिमुद्रिका घरी ऐकता येतात. पंचविशीतल्या मुलीने भर दुपारी हजारो लोकांपुढे मांडलेली मुलतानी पुन्हा कुठे ऐकणार? आणि रविवारी शेवटपर्यंत थांबा. महोत्सव संपताना सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीतली ठुमरी ध्वनिमुद्रणावरून ऐकवण्याची प्रथा आहे आणि तेवढा वेळ सगळा मांडव स्तब्ध असतो.

तिकिटं दोन तऱ्हेची असतात: खुर्च्या आणि भारतीय बैठक. माझं मत बैठकीच्या बाजूने आहे. स्वस्त असते, ओळखी होतात, पाय मोकळे करायला उठता येतं. पण गुडघे दुखत असतील तर संकोच न करता खुर्ची घ्या. सहा-सात तास मांडी घालून बसण्यात काही पुण्य नाही. बैठकीला जाताना जाड चटई किंवा घडी घालता येणारी गादी, पाठीला टेकायला छोटी उशी, शाल, कानटोपी आणि थर्मास हे सामान हवंच. पुण्यात डिसेंबरात रात्री पारा दहा-बारा अंशांवर, कधी त्याखालीही येतो. मुंबईकराच्या कपाटात एक स्वेटर असतो आणि तोही महाबळेश्वरच्या सहलीनंतर बाहेर आलेला नसतो. तो आठ दिवस आधी काढून उन्हात टाका, नाहीतर डांबरगोळीच्या वासात पूरिया ऐकावा लागेल.

बसायचं कुठे, हे फारसं कुणी सांगत नाही. अगदी पुढे बसलं की कलाकाराचे हात दिसतात, पण आवाज दोन बाजूंच्या स्पीकरांतून डोक्यावरून निघून जातो. मांडवाच्या मध्यावर, थोडं मागे, ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याचं टेबल असतं. तो माणूस स्वतःला जे ऐकू येतं त्याप्रमाणे तंबोऱ्याचा, तबल्याचा, गळ्याचा तोल साधत असतो. त्याच्या टेबलाच्या थोडं पुढे, मधोमध जागा पकडा. सगळ्यात चांगलं तिथे ऐकू येतं.

आणखी एक गोष्ट कलाकारांच्या बाजूने सांगतो. संध्याकाळनंतर हवा गार होते, दव पडू लागतं. तबल्याची पुडी ओल धरते आणि सूर खाली येतो. तंबोऱ्याच्या तारा गारव्याने आवळतात आणि सूर चढतो. म्हणजे एकाच मंचावर एक वाद्य उतरतं आणि दुसरं चढतं. तबलजी हातोडीने गट्टे ठोकतोय, मागे बसलेले विद्यार्थी मणी सरकवतायत, यात दहा मिनिटं जातात. त्या वेळात बोलत बसू नका. तंबोरे जुळत जातात तसा जो नाद भरत येतो, तो उघड्यावर जितका नितळ ऐकू येतो तितका बंद सभागृहात येत नाही.

जायचं कसं

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. डिसेंबरच्या मध्याच्या गाडीसाठी म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून. हे दिवस दिवाळीच्या धांदलीचे, त्यामुळे विसर पडतो. महोत्सवाच्या तारखा साधारण त्याच सुमारास कळतात. कलाकारांची यादी नंतर येते. यादीची वाट पाहत बसलात तर गाडी भरलेली असेल. आधी गाडीचं आरक्षण करा, मग महोत्सवाचं तिकीट.

ठाकूरद्वारकरांची एक सोय अलीकडे झाली. भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं. तिथून काळबादेवी आणि मग थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फक्त दोन स्टेशनं. बॅगा, गादी, थर्मास घेऊन टॅक्सीवाल्याची मनधरणी करावी लागत नाही. शनिवारी सकाळी सातची डेक्कन एक्स्प्रेस धरली की अकराच्या सुमारास पुणं येतं. स्टेशनवरून मेट्रोने सिव्हिल कोर्टला बदलून स्वारगेटपर्यंत भुयारातून जाता येतं, हा मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये पुरा झाला. स्वारगेटहून मुकुंदनगर रिक्षाने दहा मिनिटांवर.

परळ-दादरच्या मंडळींना एसटी सोयीची, कारण दादरहून निघणाऱ्या गाड्या पुण्यात स्वारगेटलाही सोडतात. ज्येष्ठांनी हा हिशेब करूनच पाहावा: रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत मात्र ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट आणि ७५ वरच्यांना प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मं तिकीट लागतं. आधार कार्ड जवळ ठेवा. आजी-आजोबा दोघं जाणार असतील तर महोत्सवाच्या खुर्चीच्या तिकिटाला इथे वाचलेले पैसे उपयोगी पडतात.

रविवारी रात्री गाणं संपल्यावर लगेच परतीची घाई करू नका. दहाला मैदानातून बाहेर पडणारी गर्दी, रिक्षाची वाट, मग बस आणि दादरला मध्यरात्र उलटून गेल्यावर उतरणं, यात कानात भरलेलं सगळं वाहून जातं. पुण्यात प्रत्येक गिरगावकराचं कुणीतरी असतंच. सोमवारी सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने या, साडेदहापर्यंत फोर्टात. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवा. आणि ज्यांच्याकडे उतरणार त्या मावशीला किंवा चुलतभावाला नोव्हेंबरातच फोन करा. महोत्सवाच्या आठवड्यात त्यांच्या घरी आणखीही पाहुणे येणार असतात.

दिवेलागण: समुद्राच्या अंगाची

पुण्याहून आल्यावर जानेवारी-फेब्रुवारी हे दोन महिने मुंबईचे. इथे आखणी सोपी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. इंडियन हेरिटेज सोसायटीचा ‘मुंबई संस्कृती’ जानेवारीत एशियाटिकच्या दगडी पायऱ्यांवर होतो. पायऱ्या हाच रंगमंच आणि ऐकणारे खाली हॉर्निमन सर्कलच्या बाजूला. वाळकेश्वरला बाणगंगेच्या काठीही जानेवारीत गाण्याचे कार्यक्रम होत आले आहेत, मधून मधून खंडही पडला आहे. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून होतो, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, नऊ दिवस, प्रवेश विनामूल्य. ठाकूरद्वारहून या सगळ्या जागा अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीच्या आत किंवा बेस्टच्या एका बसवर.

एकच सूचना. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. पहिला कलाकार साडेसहाला बसला तरच मारवा, श्री, पूरिया धनाश्री असं काही ऐकायला मिळण्याची आशा. हे राग फार थोडा वेळ आपले असतात. साडेसातला पोचाल तर तोवर यमन सुरू झालेला असेल. फोर्टात नोकरी असलेल्यांनी घरी येऊन चहा घेऊन परत जायचा विचार सोडून द्यावा, थेट ऑफिसातूनच जावं. बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसायचं असेल तर दगड गार आणि कडक असतो हे लक्षात ठेवा, आणि पाण्याकाठचे डास लक्षात घेऊन पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

घरातल्या तरुणांचा ओढा वेगळ्या गाण्याकडे असेल तर त्यांच्या आनंदाला नाक मुरडू नका. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापलूझा हा दोन दिवसांचा महोत्सव होतो, चर्नी रोडहून तिसऱ्या स्टेशनावर. तिथे दिवसभर उन्हात उभं राहावं लागतं. टोपी, पाणी, पायांत जुने बूट आणि स्पीकरपासून अंतर, एवढं सांगून पाठवा. लहान मूल बरोबर नेत असाल तर कानात घालायचे बोळे नक्की न्या.

रात्र: मिरजेची

या हंगामात एक लांबचा प्रवास करायचा असेल तर तो मिरजेचा करा. वेरूळ-अजिंठा महोत्सवही चांगला आहे. तो फेब्रुवारीच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरात सोनेरी महालापुढे भरतो, देवगिरी एक्स्प्रेसने रातोरात जाता येतं, आणि दिवसा लेणी पाहता येतात. पण तिथे आपण पाहुणे असतो. मिरजेत आपण ऐकणाऱ्यांच्या घरी जातो.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडच्या प्रवासात एका लहान स्टेशनावर त्यांचं निधन झालं. त्यांचा देह मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला गेला. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मृतीसाठी संगीतसभा होते, आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली. तिकीट नाही, खुर्च्यांच्या रांगा नाहीत. गवई येतात ते खाँसाहेबांना हजेरी म्हणून गातात. पुण्याचा सवाई महोत्सव ज्यांच्या नावाने चालतो ते सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँचे शिष्य. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही खाँसाहेबांचीच मुलं. डिसेंबरात पुणं आणि त्याच हंगामात मिरज केलीत तर एकाच घराण्याची दोन टोकं तुम्ही ऐकलीत.

उरुसाची तारीख चांद्र पंचांगावर असते, म्हणून ती इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१८ साली उरूस एप्रिलात होता, २०२३ मध्ये फेब्रुवारीत. आता तो हिवाळ्याच्या ऐन थंडीत येऊ लागला आहे, म्हणजे पुढची काही वर्षं बाहेर बसून ऐकायला उत्तम आहेत. तारीख मिरजेतल्या किंवा सांगलीतल्या ओळखीच्या माणसाकडून पक्की करून मगच आरक्षण करा. चंद्रदर्शनावर एक दिवस मागेपुढे होऊ शकतो, म्हणून मुक्काम एक रात्र जास्त धरा.

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री सीएसएमटीहून निघते, दादरलाही थांबते, आणि पहाटे मिरजेला सोडते. सकाळी आंघोळ, चहा उरकून वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत जा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे माळ्यांवर वाळत टांगलेले दिसतील. कारागीर जवारी लावत असेल तर बाजूला उभं राहून ऐका. तो घोडीची पाठ कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो, मध्ये एक दोरा सरकवतो आणि अचानक कोरड्या टणत्कारातून तो घुमारदार झंकार उमटतो. पुण्यात मांडवाच्या मध्यावर बसून जो नाद ऐकला त्याचं मूळ हातभर अंतरावर दिसतं. त्यांच्या कामाच्या वेळी फार प्रश्न विचारू नका, फोटो काढण्याआधी परवानगी घ्या.

रात्री दर्ग्यात डोकं झाकायला रुमाल किंवा पदर असू द्या. बसायला स्वतःची सतरंजी न्या. परतीला सकाळची कोयना एक्स्प्रेस धरली तर रात्री उशिरापर्यंत निवांत बसता येतं. निघण्याआधी घरी अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी ऐकून जा. जुनी तबकडी तीनएक मिनिटांची आहे आणि आता ती सहज मिळते.

उत्तररात्र: गावची

उत्तररात्र सगळ्यात अवघड. उघड्यावर ध्वनिवर्धकासह ती आता उरलेली नाही. पण गिरगाव-परळ-लालबागची अर्धी वस्ती कोकणातली आहे, आणि गावच्या रात्री अजून लांब आहेत. सिंधुदुर्गात कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रांचा हंगाम असतो आणि देवळापुढच्या अंगणात दशावतार रंगतो. पेटी, मृदंग, झांज एवढ्यावर ते उभं राहतं. ख्यालाच्या श्रोत्याने एकदा पेटीवाल्याजवळ बसून पाहावं. नट पद घेताना कोणत्या रागाकडे झुकतो आणि पेटीवाला त्याला कसा सांभाळून नेतो, ते कानाला कळू लागलं की नाटक दुपटीने रंगतं.

मे महिन्यात चाकरमानी गावाला जातात तेव्हा पूजेच्या निमित्ताने डबलबारी भजनं ठेवली जातात. दोन बुवा समोरासमोर, प्रत्येकाचे कोरसवाले, पखवाज, पेटी, चकी. गजर, अभंग, गवळण, एकाने टाकलेला प्रश्न आणि दुसऱ्याने त्याच चालीत दिलेलं उत्तर. ऐकायला गेलात तर पहिल्या बारीपासून बसा, मधूनच गेलात तर कोण कुणाला काय म्हणतंय हे कळत नाही. उन्हाळ्यातलं उघड्यावरचं आपलं गाणं हेच. सुट्टीत मुलांना आंबे-काजूंबरोबर हेही द्या. आणि गावच्या मंडळाला आवाजाची पातळी बेताची ठेवा असं आपुलकीने सांगा. पखवाजाला मोठ्या भोंग्याची गरज नसते.

वहीत काय लिहायचं

मेमध्ये एक साधी वही करा. पहिल्या पानावर येत्या दिवाळीची तारीख आणि त्याखाली ऑक्टोबरच्या मध्यापासूनचा आरक्षणाचा आठवडा. पुढे उरुसाचा अंदाज. मग घरच्या अडचणी: दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, तेव्हा त्या घरातल्यांनी मोठे प्रवास डिसेंबरातच उरकावेत. घरी लग्नकार्य ठरत असेल तर मुहूर्त काढताना डिसेंबरच्या मध्याचा आठवडा मोकळा ठेवायची विनंती करायला हरकत नाही, सोयरे पुणेकर असतील तर ते ऐकतीलही. पैशांचं म्हणाल तर मे ते नोव्हेंबर दरमहा थोडी रक्कम बाजूला टाका. पुण्याची दोन दिवसांची बैठक, एसटी आणि खाणं-पिणं यांचा खर्च एका बऱ्या हॉटेलातल्या कुटुंबाच्या जेवणाहून फार वेगळा येत नाही.

दोन कार्यक्रमांमध्ये किमान आठवड्याचं अंतर ठेवा. लागोपाठ ऐकलं की सगळं एकमेकांत मिसळतं. मध्ये घरी त्याच रागाची जुनी ध्वनिमुद्रणं ऐका. प्रत्येक वेळी वहीत राग, वेळ आणि गायकाचं नाव एवढंच लिहा. पाडव्याला सकाळी फडके वाडीच्या गणपतीपासून निघणारी गिरगावची शोभायात्रा ढोल-ताशांच्या गजरात पुढे सरकेल, तेव्हा हंगाम संपलेला असेल. त्या दिवशी वही उघडून कोणता प्रहर ऐकायचा राहिला ते पाहा. पुढच्या वर्षी तिथून सुरुवात करा.

शेवटी एक विनंती. पुण्याला किंवा मिरजेला जाताना वाडीतल्या, घरातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या. दुपारचं सत्र त्यांच्यासाठी उत्तम, गर्दी कमी असते आणि गाणारे त्यांच्याच वयाच्या जवळचे असतात. कंटाळा आला तर त्यांना बाहेर फिरून येऊ द्या, रागावू नका. त्यांच्या तिकिटाचे पैसे तुम्ही भरा.